पहाऱ्याचं कूळ

नळदुर्गच्या किल्ल्यातला उपली बुरूज चढायला दमवतो. पायऱ्या उभ्या, अरुंद. वर गेलं की लांबलचक तोफा दिसतात आणि बोरी नदीपलीकडचा बराच मुलूख नजरेत येतो. बांधला तो टेहळणीसाठीच. पण बुरुजावरच्या शिपायाला दिसायची ती दूरवरून येणाऱ्या फौजेची धूळ. कोण कोणाच्या घरी किती वाजता गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

गावातला पहारा निराळा. दख्खनच्या गावगाड्यात तो जागल्याकडे किंवा रामोशाकडे असे. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत त्यानं शिवेपर्यंत जायचं. माग शेजारच्या गावात शिरलेला दाखवला की जबाबदारी त्या गावावर. दाखवता आला नाही तर भरपाईचा बोजा त्याच्याच माथी. म्हणजे नजर ठेवणारा गावाच्या ओळखीचा होता आणि त्याच्या चुकीचा जाब विचारता येत होता. (ही कामं जातीनं बांधून दिलेली होती, तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही.)

तुळजापूरच्या किंवा धाराशिवच्या बाजारातला दुकानावरचा कॅमेरा पाहून हा जागल्याचाच वारस, असं वाटतं. मला ते पटत नाही. त्याच्या कुळात दुसरं एक घराणं आहे, आणि तेही नळदुर्गवरून गेलेलं आहे.

१८३०च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या बंदोबस्ताचं खातं उभं केलं. कबुल्या लिहून घेता घेता त्यानं ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. गुन्हा घडायच्या आधीच माणसाचं नाव वहीत, ही युक्ती तिथं रुजली. त्याच ठगांच्या कबुल्यांवर फिलिप मेडोज टेलर यानं १८३९ साली गाजलेली कादंबरी लिहिली. हा निजामाच्या चाकरीतला माणूस. १८५३च्या करारानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हा तिथला कारभारी म्हणून टेलरच नेमला गेला. १८६०मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. ठगांचं खातं मात्र चालूच राहिलं आणि १९०४ साली त्यातून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग निघाला.

मधल्या काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणसानं काय केलं यापेक्षा तो कुठल्या जमातीत जन्मला, हे पाहून नोंद. मग हजेरी आणि गाव सोडायचं तर परवाना. तुळजापुरापासून पन्नास किलोमीटरच्या आत, सोलापुरात, काटेरी तारांची ‘सेटलमेंट’, म्हणजे या जमातींची बंदिस्त वसाहत, होती. पारधी, कैकाडी, टकारी अशी कुटुंबं त्या तारेआड राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती विमुक्त झाल्या. ‘सराईत गुन्हेगारां’च्या कायद्यांच्या रूपानं वही उरलीच.

खुद्द कॅमेऱ्याच्या यंत्राची जन्मकथा छोटी आहे. १९४२ साली जर्मनीत पेनेमुंडे इथं रॉकेटचं उड्डाण लांबून, सुरक्षित बसून पाहता यावं म्हणून वाल्टर ब्रुखनं बंद वर्तुळातलं दूरचित्रण उभं केलं. स्फोटाची भीती होती म्हणून माणूस दूर बसला. आता भीती नसली तरी तो दूरच बसलेला असतो.

कायद्याला या दुसऱ्या घराण्याची ओळख पटायला वेळ लागला. १९६२च्या खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला गेला २४ ऑगस्ट २०१७ला, पुट्टस्वामी निकालात. जानेवारी २०१९मध्ये महाराष्ट्राच्या डान्सबारवरच्या अटी तपासताना न्यायालयानं तिथली कॅमेऱ्यांची सक्ती खासगीपणावरचं आक्रमण म्हणून उडवली. बरोबर उलटी आज्ञा डिसेंबर २०२०मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात आली: प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेतच. चित्रण अठरा महिने, अगदी जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं. ठाण्यात स्थानिक भाषेतही मोठा फलक लावायचा, आणि मानवी हक्कांचा भंग झाला तर चित्रण जपून ठेवायला लावण्याचा हक्क पीडिताला आहे, हे त्यावर लिहायचं.

मला हे दोन निकाल एकाच वळणाचे वाटतात. दुबळ्याकडे रोखलेला कॅमेरा काढला, दंडुक्याकडे रोखलेला लावला. अंमलबजावणीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५मध्ये, ठाण्यांतले कॅमेरे बंद का असतात, याची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

उमरग्यापलीकडे कर्नाटकात सार्वजनिक जागांवर कॅमेरे लावायला भाग पाडणारा २०१७चा कायदा आहे. लावण्याची सक्ती सगळ्यांना सुचते; पाहणाऱ्यावरचे निर्बंध मागून येतात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यासाठीच, पण नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना आणखी अठरा महिने मिळाले. लगेच लागू झालेल्यांत एक कलम होतं: माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची पळवाट रुंद करणारं.

आणि त्या माहिती अधिकाराची गाठ शेवटी कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरशी पडते. हा वहीसारखा लाजराबुजरा डबा काउंटरखाली धूळ खात असतो. हार्डडिस्क भरली की नवं चित्रण जुन्यावर चढतं. कॅमेरे किती आणि डिस्क केवढी, यावर चित्रण पंधरा दिवस टिकतं की महिना, ते ठरतं. खासगी दुकानाला माहिती अधिकार लागू नाही; एसटी स्टँड, जिल्हा रुग्णालय, नगरपालिका यांना आहे. पण उत्तराची मुदत तीस दिवस. कार्यालयानं कायदा न मोडता, नुसतं मुदतीत उत्तर दिलं, तरी मागितलेलं फुटेज तोवर पुसलेलं असू शकतं. म्हणून ज्याला ते हवं आहे त्यानं माहितीच्या अर्जासोबत त्याच दिवशी दुसरा अर्ज द्यावा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण वेगळं काढून जपून ठेवा. त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. प्रश्न कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर तसं अर्जात ठळक लिहावं. मग मुदत तीस दिवसांची नसते, ४८ तासांची असते.