नाव ठेवण्याचा अधिकार

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम दिलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असे असावे, हा त्याचा आशय. लगेच पुढच्या श्लोकात शूद्राच्या नावाला दास्यसूचक जोड द्यावी असेही सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा जळालेल्या नियमांत हाही एक नियम होता. धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत बारशाला जे घडले, त्याचा अर्थ या नियमाशेजारी ठेवल्यावाचून लागत नाही.

धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू ही आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडची नावे. मुले जगत नसत. वाईट नाव ठेवले म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यूही त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही, अशी समजूत होती. ही चाल सर्व जातींत होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. महर्षी कर्वे यांचेही नाव धोंडोच होते. फरक पडे तो हाकेत. एका घरचा धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होई. गावकुसाबाहेरचा धोंडू म्हातारा झाला तरी पाटलाच्या पोरासाठी धोंड्याच राही. एकाच्या बाबतीत ते नाव बालपणीची ढाल होते, दुसऱ्याच्या बाबतीत जन्मभराची पायरी. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. त्या दोन नावांत किती अंतर चालून यावे लागले, हे त्या संवादातून कळते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नाव बदलण्याची प्रतिज्ञा नाही. स्वतः बाबासाहेबांचे भीमराव हे नाव तसेच राहिले. देवदेवतांचा त्याग केलेले लोक नामदेव, विठाबाई, काशीबाई याच नावांनी जगले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. बदल झाला तो पाळण्यात. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, सुजाता, विशाखा, प्रज्ञा, करुणा ही नावे वस्त्यांत ऐकू येऊ लागली. त्यांची वाट बाबासाहेबांनी आधीच दाखविली होती : मुंबईच्या महाविद्यालयाला १९४६ मध्ये सिद्धार्थाचे नाव मिळाले, औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेले महाविद्यालय पुढे मिलिंदाच्या नावाने आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला गेला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. आपल्या घरांत मात्र त्या नावाने प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आला!

आज ज्यांना आपण परंपरेची नावे म्हणतो, ती त्या काळी अनोखी होती. शाळेत नाव घालताना ‘नागसेन’ हा शब्द गुरुजींना दोनदा सांगावा लागत असेल. राहुल या नावाचा तर इतिहासच वेगळा. निदानकथेनुसार पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थाच्या तोंडून ‘बंधन निर्माण झाले’ या अर्थाचे उद्गार निघाले आणि त्यावरून ते नाव पडले. बंधनाचे हे नाव मुक्तीच्या पहिल्या पिढीने किती हौसेने ठेवले!

नाशिकच्या सतराव्या लेण्यात एक कोरीव लेख आहे. उत्तरेकडील दात्तामित्री येथील एका यवनाने ते लेणे कोरवून चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दान दिले. दात्याचे नाव इंद्राग्निदत्त. त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव, आणि दानात सहभागी झालेल्या पुत्राचे नाव धम्मरक्षित. इंद्र व अग्नी यांनी दिलेला असे स्वतःचे नाव असलेल्या या उपासकाने ते बदलले नाही, दगडात तसेच कोरविले. मुलाला मात्र धम्माचे नाव दिले. विठाबाईंच्या पिढीने नकळत हेच केले.

आता तिसरी-चौथी पिढी पाळण्याशी उभी आहे. आजोबांना सिद्धार्थ हवा. आईवडिलांना कोणी ऐकले नसेल असे नाव हवे. काही आईवडील मोकळेपणाने सांगतात की, नावावरून मुलाची जात ओळखली जाऊ नये. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गात नाव पुकारताच वळणाऱ्या नजरा त्यांनी सोसलेल्या आहेत. पण राहुल, सिद्धार्थ ही नावे आता सर्व समाजांत आहेत, आणि शोधणारा आडनाव विचारतोच.

नामसिद्धी जातकात पापक नावाचा शिष्य आपल्या अशुभ नावाला कंटाळून आचार्यांकडे नवे नाव मागतो. आचार्य नकार देत नाहीत. आवडेल ते नाव शोधून आण, म्हणतात. वाटेत त्याला जीवक नावाच्या माणसाचे प्रेत दिसते, धनपाली नावाची दासी मार खाताना दिसते, पंथक नावाचा माणूस वाट चुकलेला भेटतो. पापक जुन्याच नावाने परत येतो. या कथेवरून नावात काय आहे, असे कोणी आपल्याला सांगू लागले, तर एक आठवण द्यावी लागेल : पापकाला निवडीची मोकळीक होती. मनूच्या शूद्राला ती नव्हती. म्हणून आजोबांचा आग्रह आणि सुनेची हौस यांत आम्ही सुनेकडे झुकतो. नाव पाली ग्रंथांतले असो वा नवे घडविलेले, ठेवणारे हात आपले आहेत.

थेरगाथेत सोपाक नावाचे थेर आहेत. सोपाक म्हणजेच श्वपाक, मनूने गावाबाहेर काढलेल्यांचे नाव. परंपरा सांगते की, बुद्धांनी प्रश्न विचारले आणि सात वर्षांच्या सोपाकाला उपसंपदा दिली. संघात त्यांचे नाव बदलले गेले नाही. आपल्या वस्तीत मात्र सोपाक नावाचे मूल आम्हांला अजून भेटलेले नाही.