'दुःखी झाडा'ची कुळकथा

गोव्यात १५६३ साली एक पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानातल्या औषधी आणि झाडपाला यांवरची प्रश्नोत्तरे, असे त्याचे स्वरूप. लेखक गार्सिया द ओर्ता. पेशाने वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात ऊठबस असलेला आणि मुंबईचे बेट काही काळ पट्ट्याने घेतलेला. त्याच्या ग्रंथातले एक सबंध प्रकरण आपल्या प्राजक्तावर आहे. शीर्षक, 'दुःखी झाड'. कानावर आलेली एक गोष्टही त्याने त्यात नोंदवून ठेवली. पारिजातक नावाच्या एका बड्या सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिला टाकून दुसरीचा हात धरला, मुलीने जीव दिला. तिच्या राखेतून हे झाड उगवले, आणि म्हणून याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत.

ओर्ताचा ग्रंथ युरोपात पोचायला वेळ लागला नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये त्याचा लॅटिन सारांश काढला. पुढे १७५३ मध्ये लिनियसने हे दुःख शास्त्रीय नावातच कायमचे गोवून टाकले: निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस. निक्टॅन्थिस म्हणजे रात्रीचे फूल, उरलेले दोन शब्द दुःखी झाडाचे. खुद्द ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला, आणि बारा वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

आपल्याकडची कथा निराळी. नारदाने आणलेले फूल कृष्णाने रुक्मिणीला दिले, सत्यभामा रुसली, मग इंद्राशी झुंजून झाडच द्वारकेत आणावे लागले, हे हरिवंशातले. झाड सत्यभामेच्या दारी आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात, ही त्यावरची लोकांची भर. स्वर्गातून आलेल्या झाडाचा मान इतका मोठा, की उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूरला एका अवाढव्य वृक्षालाही पारिजात म्हणून पुजतात. तो प्रत्यक्षात गोरखचिंच आहे, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब.

खरे माहेर यांपैकी कोणत्याच गोष्टीत नाही. प्राजक्त हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतातून गोदावरीपर्यंत आपोआप उगवतो. कोरडे, खडकाळ डोंगरउतार ही त्याची आवडती जागा. मोगरा-जाईच्या कुळातले हे मोठे झुडूप, फार तर लहान झाड. कोवळ्या फांद्या गोल नव्हे, चौकोनी. पान हाताला कानशीसारखे खरखरीत, इतके की लाकूड घासून गुळगुळीत करायला ते वापरत. पाऊस सरला, ओल आटली की हे झुडूप पाने टाकू लागते आणि उन्हाळा जवळजवळ उघड्या काटक्यांवर काढते. खडकाळ उतारावर पाणी वाचवायची ही युक्ती आहे. स्वर्ग, दुःख वगैरे आपण चिकटवलेले.

बागेत प्राजक्त बिघडतो तो बहुधा या कथांवर विश्वास ठेवल्यामुळे. नाजूक फूल म्हणून त्याला सावलीत लावतात आणि कुंडीच्या बशीत कायम पाणी ठेवतात. सूर्याशी भांडण फक्त फुलांचे, झाडाचे मुळीच नाही. निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळाले तरच तो भरभरून फुलतो. सावलीत लावला तर फांद्या उजेडाच्या दिशेने लांबच लांब सुटतात आणि फुले कमी येतात. आता कंपाउंडच्या भिंतीला चिकटून, इमारतीच्या सावलीत लावलेला प्राजक्त आठवून पाहा. ऊन भिंतीपलीकडे असते, फांद्या तिकडेच झुकतात आणि सडा शेजारी पडतो. सत्यभामेच्या तक्रारीचे कारण इतके साधे असू शकेल. भिंतीपासून आठ-दहा फूट आत लावावा, म्हणजे निम्मी भांडणे मिटतात.

माती हलकी, मुरुमाची चालते, पाणी साचता कामा नये. रोपासाठी बी हवे असेल तर झाडावरच्या चपट्या, नाण्याएवढ्या फळांवर लक्ष ठेवावे. ती तपकिरी झाली की दोन भागांत उकलतात, प्रत्येकात एक बी. ताजे बी पेरावे आणि घाई करू नये, ते सावकाश उगवते. छाटणीची वेळ महत्त्वाची. फुले नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून पानगळ झाल्यावर, पावसाळ्याच्या आधी कात्री चालवावी. तेव्हा निर्दयपणे छाटले तरी बिघडत नाही. श्रावणात छाटणी करणाऱ्याने त्या वर्षीची फुले विसरावीत.

पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे दाट थवे दिसतात. दिवसा ते सालीला चिकटून, एकमेकांना खेटून निपचित असतात, अगदी सालीच्याच रंगाचे. रात्री वर चढून पाने फस्त करतात. उघड्या हाताने शिवू नका, अंगाला फार खाज सुटते. दुपारी ते एकाच जागी असतात तेव्हा लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडावेत. फवारणीची गरज सहसा पडत नाही.

फूल हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. पाच ते आठ पांढऱ्या पाकळ्या, भिंगरीच्या पात्यांसारख्या किंचित पिळलेल्या, आणि खाली केशरी नळी. आपण तिला देठ म्हणतो, पण ती फुलाचाच भाग असते. फुलाला स्वतःचा देठ नसतोच, म्हणून पहाटे ते अलगद निसटते. त्या नळीतला रंग आणि केशराचा रंग रासायनिकदृष्ट्या एकाच जातीचा, क्रोसेटिनचा. ओर्ताच्या ग्रंथातही या देठांनी केशरासारखे अन्न रंगवण्याचा उल्लेख आहे. पूर्वी देठ वाळवून साठवत आणि त्यांत रेशीम रंगवत. रंग सुरेख येतो, पण उन्हात टिकत नाही. पक्का व्हावा म्हणून तुरटी घालत, तरी तो विटायचाच. शेवटी बाजारातल्या तयार रंगांपुढे हा धंदा उरला नाही. लाखोली वाहणाऱ्यांनी तेवढा प्राजक्ताचा सडा घरात टिकवला.

एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये तुमचा प्राजक्त काटक्यांचा भारा दिसू लागला, तर माळ्याला लगेच कुऱ्हाड आणायला सांगू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. पाणी आठवड्यातून एकदाच द्या आणि जूनपर्यंत थांबा.