ऋतुकाळातील आचार, रायगड किनाऱ्यावरील

ऋतुकाळातील आचार : मासिक ऋतुस्रावाच्या काळात स्त्रीने पाळावयाचे निर्बंध, तसेच त्या दिवसांची पूर्वतयारी व घरगुती उपचार. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) या आचारांचा इतिहास मुख्यतः विटाळाच्या नियमांतून कळतो. वेदनेचा उल्लेख त्यात फारच थोडा आढळतो.

विटाळाच्या कल्पनेचे मूळ वैदिक आहे. इंद्राच्या ब्रह्महत्येचा एक तृतीयांश वाटा स्त्रियांनी घेतला व तो रजोरूपाने प्रकट होतो, अशी कथा तैत्तिरीय संहितेत येते. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत स्त्री तीन दिवस ‘बाहेरची’ असे. मुलांना मात्र ‘कावळा शिवला’ एवढेच सांगितले जाई. तिचे अंथरूण पडवीत किंवा मागील दारी, ताट व तांब्या वेगळा. चौथ्या दिवशी न्हाल्यावर ती घरात येई. विश्रांतीसाठीच ही योजना होती, असे समर्थन पुढे करण्यात आले. पण धर्मग्रंथ कारण देतात ते अशौचाचे. चूल व विहीर यांपासून सुटका होत असे हे खरे, तथापि घरात काम उरकणारी दुसरी बाई असली तरच. मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणीस किंवा मिठागरात राबणाऱ्या आगरी स्त्रीस तीन दिवस बसून राहणे परवडणारे नव्हते. नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या निवारणार्थ भाद्रपद शुद्ध पंचमीस ऋषिपंचमीचे व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. किनाऱ्यावर घरोघरच्या दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जनही त्याच दिवशी होते.

पूर्वतयारी म्हणजे जुन्या सुती लुगड्याच्या धुवट घड्या जपून ठेवणे. खरी अडचण त्या वाळविण्याची होती. उन्हात वाळलेले फडके सुरक्षित असते. परंतु लाजेमुळे ते दोरीवर इतर कपड्यांखाली झाकून टाकीत, आणि जून ते सप्टेंबर या काळात कोकणात ऊनच नसे. दमट फडक्यामुळे खाज व चट्टे उठत, जंतुसंसर्गाचाही धोका असे. उलट अलिबाग-पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष; मग धुण्यासाठी पाणी पुरेसे कोठून मिळणार?

पोटदुखीवर ओवा, बाळंतशोपा, आल्याचा काढा व गूळ हे उपाय रूढ होते, ओटीपोट शेकीतही. यांपैकी शेकणे आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. गर्भाशयाच्या अंतःस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांमुळे स्नायूंचे तीव्र आकुंचन होते व कळा येतात; उष्णतेने स्नायू सैल पडतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात. चरकसंहितेत ‘उदावर्ता’ या योनिव्यापदाचे वर्णन असून स्राव सुरू होताच वेदना शमते, असे त्यात म्हटले आहे. वयाबरोबर वाढत जाणारी किंवा नित्याचे काम थांबविणारी वेदना अंतःस्तरविकाराची खूण असू शकते. तिची तपासणी आवश्यक ठरते.

ही दुखणी सांगावयाची कोणास, हा प्रश्न आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी उघडपणे मांडला. पती गोपाळराव यांच्या टपाल खात्यातील नोकरीमुळे त्या काही काळ अलिबागेस राहिल्या होत्या. लज्जेमुळे हिंदू स्त्रिया पुरुष वैद्यांजवळ मन मोकळे करीत नाहीत, म्हणून स्त्रीवैद्य हव्यात, असे त्यांनी १८८३ मधील श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात प्रतिपादिले. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकाने लैंगिक आरोग्याची चर्चा मराठीत निर्भीडपणे केली. शासकीय पातळीवर हा विषय मात्र फार उशिरा आला. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट ५ रुपयांस देण्याची तरतूद होती. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला.

पडवीतील अंथरूण बहुतेक घरांतून गेले असले, तरी देवघराचा निर्बंध अनेक ठिकाणी टिकून आहे. गणपतीच्या दिवसांत अडचण येऊ नये म्हणून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन स्राव लांबविला जातो. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीस या गोळ्या अपायकारक ठरू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या घेऊ नयेत.