सिग्नलमधल्या मोकळ्या जागा

दूरदर्शनवर निवेदकाने बारीक चौकड्यांचा शर्ट घातला, की त्यावर लाल-निळ्या लहरी पळायला लागायच्या. मूळ कापडात ते रंग नसायचे. त्यांचं मूळ सापडतं अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये, १९२९ साली.

टीव्हीचं चित्र ओळीओळीने वाचलं जातं आणि शेजारच्या ओळी बहुतेक वेळा एकमेकींसारख्याच असतात. त्यामुळे सिग्नलची शक्ती ओळींच्या वारंवारतेच्या पटींभोवती गोळा होते. दोन पटींच्या मधोमध जवळजवळ शुकशुकाट असतो. हे बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्रँक ग्रे यांनी हेरलं. या फटींतून दुसरा सिग्नल पाठवण्याच्या कल्पनेसाठी त्यांनी १९२९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि १९३४ मध्ये पिएर मर्ट्झ यांच्यासह त्यामागचं गणित मांडलं. बँडविड्थ वाचवायचे बाकीचे उपाय काही ना काही कापतात. ग्रे यांनी चित्राला हात न लावता जागा शोधली. मला हा उपाय सगळ्यांत देखणा वाटतो.

कापाकापीही झालीच. आधी विषम ओळी, मग सम ओळी असं अर्धं अर्धं चित्र पाठवलं, की लुकलुक न वाढता बँडविड्थ निम्मी लागते. मोड्युलेशनमध्ये मूळ लहरीच्या दोन्ही अंगांना तीच माहिती उमटते. त्यातलं एक अंग जवळपास छाटून टाकलं. म्हणूनच आपल्याकडे ५ मेगाहर्ट्झचं चित्र आवाजासकट ७ मेगाहर्ट्झच्या चॅनेलात मावलं.

खरी पंचाईत रंगाने केली. तीन रंगांची तीन चित्रं पाठवायची, तर जागाही तिप्पट हवी. शिवाय लोकांच्या घरातले कृष्णधवल संच चालू राहायला हवेत. उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवावेत, ही कल्पना फ्रान्सच्या जॉर्ज वालेन्सी यांनी १९३८ मध्येच मांडली होती. त्यात डोळ्याची एक सवय कामी आली: बारकावे आपल्याला उजेडात दिसतात, रंगात फारसे नाहीत. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पद्धतीत उजेडाला ४.२ मेगाहर्ट्झ मिळाले. रंगाच्या दोन भागांना मात्र सुमारे १.३ आणि ०.५. हा रंग बसवला ग्रे यांच्या फटींत. कृष्णधवल पडद्यावर त्याचे बारीक ठिपके उमटत, पण पुढच्या चित्रात काळ्याच्या जागी पांढरा येई आणि डोळा दोन्ही पुसून टाकी.

जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी हीच मांडणी सुधारून पाल पद्धत केली. तीच १९८२ मध्ये आपल्याकडे आली. चौकड्यांचं कोडं इथेच सुटतं: कापडाची वीण फार बारीक असली, की तिचा सिग्नल रंगाच्या हद्दीत शिरतो आणि संच त्यालाच रंग समजतो.

कापाकापी त्यानंतरही चालू राहिली. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने म्यूझ पद्धतीत ११२५ ओळींचं चित्र ८.१ मेगाहर्ट्झमध्ये दाबून बसवलं. त्यात हलणारे भाग धूसर होत. पुढे डिजिटल प्रक्षेपण आलं, रंग आणि उजेड एकमेकांत मिसळायचे थांबले. रंगातली काटकसर मात्र टिकली. फोनवरच्या बहुतेक व्हिडिओंत आजही चार बिंदूंना उजेडाच्या चार नोंदी असतात. रंगछटेच्या दोन्ही घटकांची मात्र प्रत्येकी एकच.