नोरातुस व जुल्फा येथील दगडी क्रूस

मुंबईच्या कोटात १७९६ साली उभारलेले आर्मेनियन चर्च आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हिंदुस्थानात व्यापारास आलेल्या अनेक आर्मेनियन कुळांचे मूळ गाव म्हणजे अरस नदीकाठचे जुल्फा. १६०४-०५ साली इराणच्या शाह अब्बासने तेथील वस्ती उठवून इस्फाहानजवळ वसविली. माणसे गेली, पूर्वजांचे दगडी क्रूस मात्र मागे राहिले.

या क्रूसांना 'खाचकार' म्हणतात. आर्मेनियन भाषेत 'खाच' म्हणजे क्रूस व 'कार' म्हणजे दगड. उभ्या शिळेवर मधोमध क्रूस, बहुधा त्याखाली सूर्यासारखे चक्र व भोवती जाळीदार नक्षी, अशी त्यांची घडण असते. मृतास सद्गती लाभावी म्हणून ते उभारीत.

आर्मेनियात सेवान सरोवराकाठी नोरातुस या खेड्याच्या दफनभूमीत असे शेकडो क्रूस आजही उभे आहेत; सर्वांत जुने दहाव्या शतकातील होत. तेथील काही थडग्यांवर नांगर धरलेला शेतकरी व लग्नसोहळाही कोरलेला दिसतो. शत्रू चालून आला असता गावकऱ्यांनी या क्रूसांना शिरस्त्राणे घातली, आणि दुरून ती फौज समजून शत्रू माघारी फिरला, अशी दंतकथा तेथे सांगतात.

जुल्फाच्या क्रूसांचे दैव निराळे. १६४८ साली एका प्रवाशाने तेथे सुमारे १०,००० क्रूस असल्याचे लिहिले आहे. १९९८ पासून ते पाडण्यास आरंभ झाला, आणि डिसेंबर २००५ मध्ये सैनिक घणांनी उरलेले दगड फोडीत असल्याचे चित्रीकरण नदीपलीकडून झाले. अझरबैजान सरकारने हा आरोप नाकारला. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांच्या अभ्यासात ती दफनभूमी नाहीशी झाल्याचे दिसून आले. त्याच वर्षी युनेस्कोने खाचकार घडविण्याची कला मानवी वारशाच्या यादीत घेतली. जुल्फाचे बहुतेक क्रूस आज पाहावयाचे, तर पूर्वी कोणी घेतलेल्या छायाचित्रांतच पाहावे लागतात.

ज्ञातिबांधवहो, आपल्याही मूळ गावी समाध्या व वीरगळ आहेत. त्यांवरील अक्षरे पावसाने झिजत आहेत आणि ती वाचून दाखविणारे वडीलधारे थकत आहेत. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन गावी जावे, त्या दगडांची छायाचित्रे घ्यावीत आणि वडीलधाऱ्यांना आठवतील ती नावे वहीत उतरवून ठेवावीत, एवढीच माझी विनंती.