उपनगरांची वाढ आणि वऱ्हाडांतील मतें

अमरावतीचा परकोट आणि अकोल्याची मोर्णा नदी यांवरून एके काळीं त्या त्या शहराचा विस्तार ओळखतां येत असे. परकोटाच्या आंत राहणारा तो शहरचा, वेशीबाहेरचा तो बाहेरचा. मोर्णेच्या पश्चिमेस जुनें शहर, पूर्वेस ताजनापेठ व सरकारी कचेऱ्या. आज परकोटाचे दरवाजे अमरावतीच्या पोटांत उभे आहेत, आणि अकोलें मोर्णेच्या दोन्ही तीरांवर दूरवर पसरलें आहे. घरें वाढलीं, रस्ते वाढले, हें सर्वांस दिसतें. परंतु घरांबरोबर मतेंहि जागा बदलतात, आणि राज्याच्या विधानसभेंत कोणत्या मुलखाचा शब्द किती वजनाचा, हेंहि त्यामुळें बदलतें, याकडे सहसा लक्ष जात नाहीं.

या वाढीस आगगाडीनें मोठा हातभार लावला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तेव्हां अकोलें त्या मार्गावरच आलें. अमरावती बाजूला राहिली व तिच्यासाठीं बडनेऱ्याहून फांटा काढावा लागला. कापसाच्या बाजारानें दोन्ही शहरांत पैसा आणला, जीन-प्रेसच्या कारखान्यांनीं मजूर आणले. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबें येऊन वसलीं. पुढें १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ व १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ स्थापन झालें. मुलांच्या शिक्षणासाठीं खेड्यांतलीं बिऱ्हाडें शहराच्या कडेला येऊं लागलीं. त्याच १९८३ सालीं अमरावती व बडनेरा यांची मिळून एक महानगरपालिका झाली. अकोल्याची महानगरपालिका २००१ सालची. २०१६ सालीं तिनें भोंवतालचीं २४ गांवें आपल्या हद्दींत घेतलीं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अमरावती जिल्ह्याची वस्ती शेंकडा सुमारें ११ वाढली, तर अमरावती शहराची शेंकडा सुमारें १८.

माणसें अशीं हलत असतां मतदारसंघांच्या सीमा मात्र जागच्या जागीं होत्या. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीनें जागांची फेरवांटणी थांबविली. लोकसंख्येस आळा घालणाऱ्या प्रांतांचें त्यापायीं नुकसान होऊं नये, हा त्यांतील हेतु होता. परिणाम असा झाला कीं, १९७८ पासून २००४ पर्यंतच्या विधानसभेच्या साऱ्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेच्या आधारें आंखलेल्या नकाशावर झाल्या. बापाच्या मापाचा अंगरखा नातवानें घालावा, तसा हा प्रकार होता.

तो अंगरखा कोठें किती तोकडा झाला होता, हें साध्या हिशेबानें समजतें. २००१ सालीं महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ९ कोटी ६९ लक्ष व विधानसभेच्या जागा २८८; म्हणजे एका आमदारामागें सरासरीनें ३ लक्ष ३६ हजार माणसें. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्याची वस्ती ८१ लक्षांवर गेली होती व आमदार अवघे १३. तेथें एका आमदारावर सव्वासहा लक्ष माणसांचा भार होता. उलट अमरावती जिल्ह्यांत २६ लक्षांस ९ आमदार होते. म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडील गृहस्थाचें मत वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या मताच्या निम्म्याहूनहि हलकें ठरत होतें. २००८ सालीं नवा नकाशा अंमलांत आला. ठाण्याच्या जागा १३ च्या २४ झाल्या. मुंबईंत जुन्या शहराच्या १७ च्या १० उरल्या, व उपनगरांच्या १७ च्या २६ झाल्या. एकूण जागा २८८ च राहिल्यामुळें एकाच्या पानांत वाढावयाचें तें दुसऱ्याच्या पानांतून काढणें भाग होतें. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या.

अमरावती जिल्ह्यानें ९ पैकीं एक जागा गमावली. गाडगेबाबांनीं १९५६ सालीं ज्या वलगांवाजवळ देह ठेवला, त्या वलगांवाच्या नांवाचा मतदारसंघ नाहींसा झाला. अकोला जिल्ह्याच्या जागा पांचच्या पांच राहिल्या. तरी बोरगांव मंजू हें नांव पुसलें गेलें, आणि एका अकोल्याच्या जागीं अकोला पश्चिम व अकोला पूर्व असे दोन मतदारसंघ झाले. अकोला पूर्व मतदारसंघांत शहराचा कांहीं भाग आणि बोरगांव मंजूकडील खेडीं एकत्र आलीं.

या बदलाचा मतांवर काय परिणाम झाला? बोरगांव मंजूंतून २००४ सालीं भारिप बहुजन महासंघाचे हरिदास भदे निवडून आले होते. २००९ सालीं नव्या अकोला पूर्वमधूनहि तेच आले. २०१४ सालीं मात्र भारतीय जनता पक्षाचे रणधीर सावरकर यांनीं ही जागा थोड्या मतांच्या फरकानें जिंकली, आणि २०१९ व २०२४ सालींहि ती राखली. बडनेऱ्यांत, जेथें अमरावतीच्या नव्या वस्त्या व भातकुलीकडील गांवें एका मतदारसंघांत आहेत, रवि राणा हे २००९ पासून सलग चार वेळां कोणत्याहि मोठ्या पक्षाच्या चिन्हावांचून विजयी झाले. याचें सारें श्रेय वा दोष उपनगरांच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. २०१४ सालीं राज्यांतील दोन्ही मोठ्या युत्या मोडून चारहि पक्ष वेगळे लढले, त्याचाहि परिणाम होताच. तथापि एक गोष्ट खरी. खेड्यांत मत बहुधा भावकीच्या व पारावरच्या विचारानें पडतें. तेंच कुटुंब शहराच्या कडेला आलें कीं शेजारी नवे, पाटील नाहीं, पार नाहीं. नळाचें पाणी, रस्ता, दिवा व मुलाची नोकरी हेच प्रश्न पुढें येतात. जुनी बांधिलकी तेथें सैल होते, आणि नव्या उमेदवारास वाट मिळते.

खरी अडचण येथेंच आहे. मतदारसंघाचें नांव व नकाशा बदलला तरी त्यांतील खेडीं तेथेंच असतात. त्यांना कापसाचा भाव हवा, बंधारा हवा. उपनगरास गटार हवें, शाळा हवी. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण प्रतिनिधि एक आहे, आणि मतें जिकडे अधिक तिकडे त्याचा कान अधिक जातो. म्हणून विदर्भाच्या चार जागा गेल्या यांत अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. एका माणसाचें मत दुसऱ्याइतकेंच जड असावें, हाच न्याय आहे. पण वऱ्हाडचे मुलगे पुण्याकडे व ठाण्याकडे पोटासाठीं गेले, त्यांच्या मागोमाग वऱ्हाडचा आवाजहि गेला, आणि शेत कसणारा मागें राहिला, हेंहि तितकेंच खरें.

२००१ सालच्या आणखी एका घटनादुरुस्तीनें राज्याराज्यांतील जागांची नवी वांटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबणीवर टाकली, आणि २०११ नंतरची जनगणना २०२७ सालीं घेण्याचें ठरविण्यांत आलें. मोजणी करणारा दारीं येतो तेव्हां तो केवळ घरांतील माणसें मोजीत नाहीं. त्या मुलखाचा शब्द पुढें किती वजनाचा ठरणार, त्याचेंहि माप त्याच वहींत उतरत असतें. म्हणून त्याला खरें व पुरें उत्तर देणें, हेंहि मत देण्याइतकेंच कर्तव्य आहे.