आखाची जाडी

सावंतवाडीच्या लाकडी फणसाची अडचण एकच: तो फोडता येत नाही. बाकी सगळं जागच्या जागी असतं. टोपलीत त्याच्या शेजारी बसलेल्या आंब्याला देठाजवळ लाली असते, सीताफळाला डोळे असतात, केळ्याच्या पिवळ्या सालीवर काळसर ठिपके पडलेले असतात. चितारआळीतल्या दुकानात नवखं गिऱ्हाईक आलं की आधी बोटानं टिचकी मारून बघतं, मग हसतं, मग भाव विचारतं. घेतलेली टोपली घरी गेल्यावर कपाटाच्या काचेआड बसते आणि मुलांना तिला हात लावायची बंदी होते.

त्याच फळीवर जरा पुढे बैलगाडी उभी असते. तिच्या बैलांचे पाय फळकुटाला ठोकलेले, शिंगं आखूड, आख नको तितका जाड आणि चाक बहुधा भरीव. आरे असलेच तर रंगानं ओढलेले. शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर या गाडीत बरोबर असं फार थोडं. पण दोरी बांधून अंगणभर ओढायला हीच जाते. फणस आणि गाडी एकाच आळीतले, एकाच परंपरेतले. एकात कारागिरानं खरेपणाला झुकतं माप दिलं, दुसऱ्यात खेळाला.

ही निवड जुनी आहे. सावंतवाडीचे चितारी हे लाकूड रंगवणारे, लाखकाम करणारे. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ या वर्षांत, दरबाराच्या आश्रयानं गंजिफाची कला इथं रुजली असं सांगतात. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दर अवताराचे बारा. ते रंगवणारा हात पाट, चौरंग, पाळणे आणि खेळणीही रंगवत असे. १९०८ सालच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये सावंतवाडी संस्थानच्या कारागिरीची यादी आहे. भुंग्यांच्या पंखांनी सजवलेले वाळ्याचे पंखे, शिंगाच्या शोभेच्या वस्तू आणि पत्ते यांच्याबरोबर तीत लाखेच्या खेळण्यांचीही नोंद आहे. शिंगकाम आणि वाळ्याचे पंखे पुढे मागे पडले. खेळणी मात्र टिकली.

या खेळण्यांच्या बाजाराला शेजारच्या पेडणे, डिचोली तालुक्यांतूनही लोक येत. आज हा बाजार महाराष्ट्रात आणि पेडणे, डिचोली गोव्यात, म्हणून ते दोन वेगळे मुलूख वाटतात. पण हे दोन्ही तालुके १७८० च्या दशकापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. त्या दशकात ते पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. राज्य बदललं तरी वाट तीच राहिली: पेडण्याहून पत्रादेवी, बांदा करत सावंतवाडी, डिचोलीहून दोडामार्ग ओलांडून सावंतवाडी. सोयरीक, देवदर्शन आणि बाजारहाट याच वाटेनं चाले. १९५०च्या दशकात भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा मात्र ही वाट आखडली आणि १९६१च्या मुक्तीनंतरच ती पुन्हा मोकळी झाली.

आता लाकडाकडे वळू, कारण खरेपणा किती परवडतो ते शेवटी लाकूडच ठरवतं. सावंतवाडीच्या खेळण्यांचं नावाजलेलं लाकूड पांगाऱ्याचं. हलकं, मऊ, हत्याराला चटकन वश होणारं. फळं करायला याहून सोयीचं काही नाही. चरकावर फिरवलं, पटाशीनं आकार दिला, चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून अस्तर चढवलं, की वर रंग हवा तसा बसतो. फळाला सांधा नसतो. कुठे ताण येत नाही, काही निखळत नाही. त्यामुळे चितारी तिथे रंगाच्या बाबतीत मनसोक्त हौस करू शकतो.

गाडीची गोष्ट वेगळी. खऱ्या बैलगाडीचं चाक सुमारे सव्वा मीटर व्यासाचं धरलं आणि गाडी सोळाव्या हिश्शाइतकी लहान केली, तर चाक आठ सेंटिमीटरच्या आत येतं. सहा सेंटिमीटर जाडीचा आरा चार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पांगाऱ्याचा चार मिलिमीटरचा आरा म्हणजे पहिल्या उंबरठ्यावर मोडणारी काडी. जू, शिवळा, दांडी, कुणी या सगळ्यांची तीच गत. खरी गाडी जितकी हुबेहूब उतरवावी तितकी ती ओढण्याजोगी राहत नाही. म्हणून जाणता कारागीर ठरवून खोटं बोलतो: आख फुगवतो, आरे रंगात ढकलतो, बैलाला चाकं लावतो. बैलाला चाकं! पण पाच वर्षांच्या कुठल्याही पोरानं त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

विदर्भात तर यावर अख्खा सण उभा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं मानतात. तिथेही दोन जाती झाल्याच. एक दोरीनं ओढायचा लहानसा नंदी. दुसरा सागवानी, वशिंडाचा डौल आणि मानेच्या पोळीच्या घड्यांसकट कोरलेला, हजारोंच्या किमतीचा. तो बक्षिसासाठी आणायचा आणि बक्षीस झालं की दिवाणखान्यात ठेवायचा.

गोव्याच्या मुलांना खेळणं नेहमी विकत घ्यावं लागत होतं असंही नाही. डिचोली-सत्तरीच्या कुळागरात पोफळीची विरी गळून पडली की तीच गाडी. एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं झावळाचा शेंडा धरून ओढायचं. हिचं कुठल्याच वाहनाशी साम्य नाही, वेग मात्र पुरेपूर आहे. डिचोलीच्या कुंभारांची बोळकी भातुकलीला उपयोगी पडत. मातीत चूल होते, मडकं होतं, फिरणारा आख होत नाही. दक्षिणेला कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी लाखेचे पाट, पाळणे, पलंगाचे खूर यांत नाव काढलं. चाकांची खेळणी मिळायची ती मुख्यतः फेरीत: पेडण्याच्या पुनवेला, वैशाखात शिरगावच्या लईराईच्या जत्रेला, म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत.

या फेरीत आता ट्रॅक्टरही असतो. प्लास्टिकचा, लाल किंवा निळा, मागे ट्रॉली. तो कुठून आला हे बघायला थोडं लांब जावं लागेल.

शिशाचे सैनिक करणाऱ्या ब्रिटनच्या ब्रिटन्स कंपनीनं पहिल्या महायुद्धानंतर, लोकांना युद्धाचा वीट आला असताना, शेतावरची माणसं आणि जनावरं ओतायला घेतली. १९४८ मध्ये तिनं फोर्डसन मेजर ट्रॅक्टर काढला. त्याची एक आवृत्ती दातेरी धातूच्या चाकांची, दुसरी रबरी टायरची. शेतावर दोन्ही तऱ्हेचे ट्रॅक्टर तेव्हा होते, म्हणून दोन्ही खरे. पण दिवाणखान्याच्या जमिनीवर दातेरी चाकं काय करतात हे कुठलीही गृहिणी सांगू शकली असती.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी फ्रेड अर्टल हा ओतारी १९४५ मध्ये कामावरून मोकळा झाला. त्यानं घराच्या तळघरातल्या भट्टीत लष्करी विमानांचे टाकाऊ पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यात ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. प्रमाण एकास सोळा. साडेतीन मीटरचा ट्रॅक्टर अशानं बावीस सेंटिमीटरचा होतो. मुलाच्या दोन्ही हातांत मावेल आणि वाळूच्या ढिगावर आपटला तरी वाकणार नाही इतका. ट्रॅक्टर कंपन्यांच्या विक्रेत्यांकडेच ही खेळणी विकली जात. बापानं खरा घ्यायचा, मुलानं छोटा. १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला गेला आणि १९८६ मध्ये त्याच गावात शेती-खेळण्यांचं संग्रहालय उघडलं.

तोवर वाळूच्या ढिगावर खेळलेली मुलं चाळिशीला आली होती. त्यांना लहानपणीचा ट्रॅक्टर हवा होता, पण त्याच्यात आता मोठ्यांची नजर शिरली होती. इंजिनाच्या वायर दिसाव्यात, गियरचा दांडा वेगळा असावा, धुराड्याला भोक असावं. खरा दांडा सोळा मिलिमीटरचा असेल तर या प्रमाणात तो एक मिलिमीटरचा होतो. अर्टलनं संग्राहकांसाठी नेमक्या बारकाव्यांची वेगळी मालिका काढली. ती मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हतीच. संग्राहकांच्या बाजारात खोकं न उघडलेल्या ट्रॅक्टरला अधिक किंमत येऊ लागली. हा प्रकार थोडा गमतीचाच: खेळण्यात जितका खरा ट्रॅक्टर उतरला, तितकं त्याचं नांगरणं बंद झालं.

सावंतवाडीत हेच गंजिफाच्या बाबतीत घडलं. १९७०च्या दशकात शिवराम राजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी मरायला टेकलेली ही कला एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. कला वाचली. डाव मात्र परत मांडले गेले नाहीत. १२० पत्त्यांचा हिशेब डोक्यात ठेवून खेळणारे उरले नव्हते. आज संच घेणारा तो चौकटीत लावतो. राजवाड्याचे उपकार मान्य करूनही म्हणावं लागतं की वाचला तो पत्ता, खेळ नव्हे.

फेरीतल्या ट्रॅक्टरच्या खरेपणाबद्दल आणखी एक प्रश्न आहे: खरा, पण कुठला? ट्रॉलीवाला मोठा ट्रॅक्टर म्हणजे उत्तरेतल्या मोठ्या शिवारांचं चित्र. पेडण्याच्या खाजन, खेर आणि मोरड अशा भातशेतीच्या जमिनींचे तुकडे लहान, चिखल खोल. तिथे चिखलणीला बैलांच्या जागी बहुतेक पॉवर टिलर आला: दोन लांब दांड्या, पुढे इंजिन, खाली लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं, मागे गुडघाभर चिखलात चालणारा माणूस. याचं खेळणं दुकानात सहसा दिसत नाही. करायला ते अवघडही आहे. दोनच चाकांवरचं यंत्र माणसानं धरल्याशिवाय उभंच राहत नाही. डिचोलीच्या मुलाला तर कित्येक दशकं रोज दिसत होता तो खनिजाचा टिपर. तांबड्या धुळीनं माखलेल्या ट्रकांच्या रांगा २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत गावांमधून जात होत्या. हौदा उचलणारा ट्रक हा खेळण्यांतला मोठा शोध आहे, कारण त्यात एकच बिजागरी खरी करावी लागते आणि त्या एका बिजागरीत खेळ संपूर्ण मिळतो: भरा, न्या, ओता. बाकी ट्रक ठोकळा असला तरी चालतो.

चांगल्या कारागिराला हे न शिकवता कळतं. बैलगाडीत फिरलं पाहिजे ते चाक, टिपरमध्ये उचललं पाहिजे तो हौदा, भातुकलीच्या जात्यात फिरली पाहिजे ती वरची तळी. एवढं सांभाळलं की उरलेला सगळा खरेपणा रंगात घालायला हरकत नाही. सावंतवाडीच्या रंगाऱ्यांची खरी सत्ता तिथेच आहे.

अलीकडे यात सरकारही आलं. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि कारखान्यातल्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. सुटे होऊन लहान मुलाच्या घशात जातील असे भाग, टोकदार कडा, रंगातलं शिसं, सगळं तपासलं जातं. म्हणजे आरसे, दांडे, धुराडी हे हौसेचे बारकावे पहिल्यांदा कसाला लागतात. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकनाचा माल यांना त्यातून सूट आहे, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांना आता तसं मानांकन मिळालेलं आहे. त्यामुळे फेरीतल्या प्लास्टिकच्या ट्रॅक्टरचा आख किती ओढ सोसतो हे प्रयोगशाळा बघते. चितारआळीतल्या गाडीचा आख किती जाड ठेवायचा, ते अजून चितारीच ठरवतो, गिऱ्हाइकाच्या कडेवर मूल आहे की नाही ते बघून.